दोन दिवस जुना पत्ता

बोपचेजींनी मला कित्येक वर्षं बिनसाखरेचा चहा पाजला. मुलगी पोटात होती तेव्हा डॉक्टरांनी माझी साखर बंद केली होती, आणि ऑफिसात चहा आला तेव्हा मी एकदाच म्हटलं होतं, "मले साखर नको जी." पुढे मुलगी झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, तरी माझा कप वेगळाच यायचा. बोपचेजींनी टपरीवाल्याला सांगून ठेवलं होतं, आणि एकदा सांगून ठेवलं की त्यांच्या लेखी तो विषय संपला. मी तशी तोंडाची फटकळ. गिऱ्हाइकांशी फोनवर दिवसभर भांडण्याचाच मला पगार मिळतो. पण इतक्या आठवणीनं कप पुढे करणाऱ्या माणसाला 'आता घाला साखर' कसं म्हणायचं, याची लाज वाटायची. मग प्यायचा तसाच, तोंड वाकडं न करता.

आमचं ऑफिस आमगावात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, एका राईस मिलच्या वरच्या माळ्यावर. आधी शेठ केबल टीव्ही चालवायचे, मग इंटरनेट आलं तसं तेही चालवायला लागले. आमगाव आणि आजूबाजूची गावं, पार कामठ्यापर्यंत आमची वायर गेलेली. मी तक्रारीच्या टेबलावर, आणि माझ्या मागच्या खोलीत तेजराम बोपचे. बोपचेजींना सगळे बोपचेजीच म्हणायचे. शेठ तेवढे नुसतं 'बोपचे' म्हणायचे, आणि तेही हिंदीत.

त्यांच्या खोलीत दोन जुन्या मशीनी होत्या. गावातला कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा शेठनी भंगाराच्या भावात उचललेल्या. एकीला बाजूचा पत्राच नव्हता. खालच्या मिलचा कोंडा उडून वर यायचा, म्हणून दर शनिवारी बोपचेजी रंगवायचा ब्रश घेऊन दोघींना झाडायचे. फुंकर मारायचे नाहीत. फुंकरीत थुंकी जाते म्हणायचे. त्या मशीनींना ना पडदा, ना माऊस. "जे लागत नाही थे ठेवाचं कायले?" हे त्यांचं आवडतं वाक्य. मशीनीतून त्यांनी एकेक गोष्ट काढून टाकली होती, आणि स्वतःच्या आयुष्यातूनही बरीच काढून टाकली असावी. एक सायकल, हिवाळ्याला एक मरून रंगाचा स्वेटर, डब्यात भात आणि एक भाजी. फोन उचलला तर 'हॅलो' नाही, नुसतं "बोला."

या मशीनी काय करतात ते मला पहिले तर कळायचंच नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, लोक नाव टाकतात. पण वायरीले नाव समजत नाही, तिले नंबर लागते. कोणत्या नावाचा कोणता नंबर, थे ह्या दोघी सांगतात. आता समजा, तुमी आमच्या गावात आल्या आन् बोपचेचं घर विचारलं. अर्धा गाव बोपचे. मंग पानठेल्यावाला तुमाले नाव विचारन, बापाचं नाव विचारन, कोणाले तरी हाक मारन, तवा पत्ता सांगन. दुसऱ्या दिवशी कोणी थेच घर विचारलं तं थो पुन्हा हाक नाही मारत. ध्यानात ठेवलेलं सांगते. झालं काम."

"बस्, एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. पण एवढ्यावर सारं हाये न बाई. पत्ता नाही समजला तं सारी वायर काय कामाची?"

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की मला वर्गात बसवून शिकवत आहेत असं वाटायचं. आमची गोंदियाकडून येणारी लाईन बारीक, मशीनी म्हाताऱ्या, आणि तरी आमचं नेट पटकन उघडतं अशी ख्याती होती. पानठेल्यावाल्याचं ध्यानात ठेवणं त्यांनी फार वाढवून ठेवलं होतं, हे त्याचं कारण. प्रत्येक पत्त्यासोबत त्याच्या मालकाचा निरोप येतो म्हणे, की हा पत्ता इतका वेळच खरा धरा, मग पुन्हा विचारा. कोणी पाच मिनिटं म्हणतो, कोणी तासभर. बोपचेजींनी ते सगळे निरोप बाजूला सारले आणि दोन्ही मशीनींना सांगितलं, काहीही असो, दोन दिवस धरून ठेवा. "घडीघडी विचारून कायले हैरान कराचं? घरं काय रोज उठून पळतात का?"

शेठ खूश. "बोपचे, तुमने तो खटारे को मोटर बना दिया," म्हणायचे. बोपचेजी मान खाली घालून हसायचे.

तसं हे धरून ठेवणं मशीनीपुरतं नव्हतंच. माणसांचंही ते तसंच धरून ठेवायचे. आमचा एक लाईनमन होता. त्याचे वडील आजारी असताना त्यानं कधीतरी सांगितलं असेल. त्यानंतर भेटला की बोपचेजींचं ठरलेलं, "वडील कसे हायेत?" एक दिवस तो शिडी खांद्यावरून खाली ठेवत म्हणाला, "अजी बोपचेजी, बाबाले जाऊन वरीस होत आलं. तुमी मातीले आले होते न!" बाप्पा! बोपचेजींचे कान लालबुंद झाले. ते खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच आले नाहीत. आम्ही पोट धरधरून हसलो. आज ते हसू आठवलं की मलाच कसंतरी होतं.

नर्सिंगच्या ॲडमिशनचे दिवस होते. मुलांनी आपली कॉलेजं निवडून साईटवर पक्की करायची, त्याची शेवटची तारीख. त्या दिवशी सकाळपासून माझा फोन नुसता वाजत होता. साईट उघडत नाही. मी म्हणत होते, "सरकारी साईट हाये भाऊ, बंद असन, थांबा." आमच्याकडे 'साईट बंद' म्हणजे 'लाईट गेली' म्हटल्यासारखं. कोणी पुढे विचारत नाही. पण दुपारी कामठ्याच्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, एक जण सांगून राहिला का त्याच्या मोबाईलच्या नेटवर उघडते. आपल्याच वायरीवर नाही उघडत. आमच्या इथं तं मोबाईलवर नेटच येत नाही, मी पाहू कसा?"

मी तशीच उठून मागच्या खोलीत गेले आणि सांगितलं. बोपचेजींनी लगेच टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून पहिल्या मशीनीला तो पत्ता विचारला. तिनं पटकन सांगितला. मग दुसरीला विचारला. तिनंही तोच सांगितला.

"पाहा," ते म्हणाले, "दोघीबी सांगून राहिल्या. एका क्षणात. आपल्याकडून काही नाही बाई. साईटच बंद हाये."

मी बाहेर येऊन तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खात होते. बोपचेजी येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. हातात ब्रश, आणि शनिवार नव्हता. मला वाटलं शेठ काही बोलले असतील.

"साईट चालू होती, बाई."

"कोणती?"

"ॲडमिशनची. गर्दी होईन म्हनून त्यांनी आदल्या दिवशी साईट दुसऱ्या मोठ्या मशीनीवर नेली. घर बदललं. निरोप होता, पाच मिनिटंच धरा. मी दोन दिवस धरून बसलो. आज थे दोन दिवस भरले, मशीनीनं नवाच पत्ता आणला, तवा समजलं. साऱ्या पोरायले मी जुन्याच घरी धाडून राहिलो होतो, आन् थे घर तं बंद."

"पण तुम्ही तर दोघींना विचारलं होतं."

"दोघीयले मीच शिकवलं न," ते म्हणाले.

तारीख तर निघून गेली होती. शेठना सांगितलं तर शेठ पंख्याखाली मोबाईल बघत म्हणाले, "अरे छोड़ो न बोपचे. बोल दो साईट बंद थी. कौन पूछता है?" आणि खरंच, कोणी विचारलं नाही. एकही फोन आला नाही. लोकांनी आपापल्या नशिबाला बोल लावला आणि गप्प बसले. याचीच बोपचेजींना जास्त लाज वाटत होती असं मला वाटतं. कोणी येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर माणूस मोकळा झाला असता.

त्याच दिवशी त्यांनी ते दोन दिवस काढून टाकले. ज्याचा जसा निरोप तसं धरा, असं मशीनींना सांगितलं. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. आता भार वाढेल, मशीनी दमतील, लोक ओरडतील, म्हणून वाट पाहत होते. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते तेव्हाही बसले होते. मी घरी निघताना डोकावले.

"काय झालं जी?"

"काहीच नाही झालं." त्यांचा आवाज असा होता की मी पर्स खाली ठेवली. "ह्या दोघीयले समजलंबी नाही बाई. आरामात चालून राहिल्या. एवढं तं त्यायले कधीबी झेपत होतं. मी कधी विचारलंच नाही त्यायले. माझं आपलं, म्हाताऱ्या हायेत, वाचवा, वाचवा. कायच्यासाठी वाचवलं मी?"

मी म्हटलं, "चला, घरी जा आता," आणि निघून आले.

कामठ्याच्या सेंटरवाल्याकडून त्यांना कळलं की त्याच्याकडे फॉर्म भरायला आलेली एक मुलगी राहून गेली. पायल तिचं नाव. दिवसभर सेंटरच्या बाकावर बसून होती बिचारी. सरकारी कॉलेज लागण्याइतके मार्क होते, यादीत नावही वर होतं, फक्त पक्कं करायचं होतं. ते झालं नाही, जागा गेली. बोपचेजी रविवारी सायकल काढून तिच्या घरी गेले. कामठा काही जवळ नाही.

सोमवारी मी विचारलं, "काय म्हणाले?"

"समजलंच नाही त्यायले." बोपचेजी ब्रशचे केस सरळ करत होते. "बापाले सारं सांगितलं. थो हात जोडून म्हणते, साहेब, तुमी एवढ्या दुरून आमच्या घरी आले. त्याले वाटलं मी चौकशीले आलो. मले खाटेवर बसवलं. चहा पाजला. माफी मागाले गेलो आन् चहा पिऊन आलो." मग म्हणाले, "चांगला होता चहा."

त्याच दिवशी दुपारी माझ्यासमोर चहाचा कप आला आणि बोपचेजी म्हणाले, "वंदनाबाई, साखर?"

मी फोन बाजूला ठेवला.

"साखर घेता का तुमी? विचारून राहिलो."

मी म्हटलं, "घेते जी." एवढं सोपं होतं ते. मला वाटतं मागच्या सगळ्या कपांचा हिशेब त्यांच्या तोंडावर दिसला. त्या दिवसापासून ते रोज विचारायचे. रोज मी सांगायचे, हो, घेते. लाईनमनला विचारायचे, घरी कोण कोण आहे. टपरीवाल्याला विचारायचे, दुकान इथंच आहे न उद्या. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं ग्रामपंचायत टपरी हटवते की काय. लोक म्हणायला लागले बोपचेजींचं डोकं फिरलं. मीही एकदा वैतागून म्हटलं, "अजी, कालच तं सांगितलं!" ते म्हणाले, "कालचं झालं न थे."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. कामठा माझं माहेर, म्हणून मुलीला घेऊन मी तिथल्या मंडईला गेले होते. आकाशपाळणा, जिलेबी, बांगड्यांची दुकानं, आणि मधोमध मांडव घालून दंडार चाललेली. दंडारीचा एक फेरा संपला, नाचणारे पाणी प्यायला उतरले, आणि माईकवर कोणीतरी हरवलेल्या चपलेबद्दल सांगत होतं. तेवढ्यात बघते तर स्टेजवर मरून स्वेटर. उन्हात.

"मी तेजराम बोपचे," ते माईकमध्ये म्हणाले. आवाज फाटत होता. "आमगावच्या नेटच्या ऑफिसात काम करतो. ॲडमिशनच्या शेवटल्या दिवशी साईट बंद नव्हती. चालू होती. माझ्या मशीनी जुना पत्ता सांगून राहिल्या होत्या. चुकी मशीनीची नाही, माझी हाये. ज्याचं ज्याचं नुकसान झालं त्याची मी माफी मागतो."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "बोपचेजी, आमच्या घरचं नेटबी कालपासून बंद हाये, थेबी सांगून द्या!" आणि सगळा मांडव हसला. माझी मुलगीही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक तर आमच्या ऑफिसचा माणूस, त्यात माझ्या माहेरात, भर मंडईत. काय गरज होती? मी तरातरा गेले, त्यांना हाताला धरून खाली उतरवलं, आणि बांगड्यांच्या दुकानामागे नेऊन चांगलं झापलं. "अशानं काय होते जी? लोकं हसून राहिले तुमच्यावर!"

"हसू द्या," ते म्हणाले. तोंडावर थोडं बरं वाटल्यासारखं होतं. तेच माझ्या डोक्यात गेलं.

एक मुलगी आमच्यामागे येऊन उभी होती. हातात मंडईतली पिशवी, केसांची घट्ट वेणी. मला वाटलं बांगड्या घ्यायला आली.

"मी पायल," ती म्हणाली. "तुमी आमच्या घरी आले होते न?"

"हव. तुझ्या बाबाले सांगितलं मी सारं."

"बाबाले सांगितलं. मी घरीच होती. तुमी पेलेला चहा म्याच केला होता. मले काऊन नाही बलावलं? फॉर्म माझा होता का बाबाचा?"

बोपचेजींचे कान लाल झाले. तसेच, लाईनमनच्या वेळेसारखे.

"म्या नागपूरले ॲडमिशनच्या ऑफिसात अर्ज देला हाये," ती सांगत होती, ओरडत नव्हती. "का साईट बंद होती म्हनून माझं राहिलं, मले पुन्हा संधी द्या. आता साऱ्या गावासमोर तुमी सांगितलं का चालू होती. माझा अर्ज खोटा झाला न जी? मले विचारलं असतं तं?"

मांडवात ढोलकी पुन्हा सुरू झाली होती. बोपचेजी म्हणाले, "आता विचारतो. काय करू मी?"

"नागपूरले चला संगं. तितंबी असंच सांगा. खरं तं खरं. माझ्या अर्जात खोटं नको."

ते गेले. बुधवारी रजा टाकून, तिला आणि तिच्या बापाला घेऊन. तिथल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं म्हणे, खुर्चीही दिली. मग म्हणाले, साईट बंद असती तर आम्ही काही विचार केला असता. साईट चालू होती म्हणता, तर मग हा प्रश्न तुमचा आणि तुमच्या नेटवाल्याचा. झालं. खरं सांगायला गेले आणि खरं सांगितल्यानंच तिच्या हातून उरलंसुरलं गेलं.

"आमगाव येईपर्यंत थे पोरगी बोलली नाही," बोपचेजींनी मला सांगितलं. "खिडकीतून पाहून राहिली होती. मीबी खिडकीतूनच पाहून राहिलो होतो. बापानं मधात शेंगदाणे घेतले. मलेबी देले. आन् म्या खाल्ले, बाई."

मंडईतल्या भाषणाची बातमी तोवर शेठपर्यंत पोचली होती. शेठ माझ्यासमोरच म्हणाले, "धंदे की इज्जत मिट्टी में मिला दी. कल से मत आना." बोपचेजींनी वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी दोन्ही मशीनी झाडल्या, ब्रश माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दर शनिवारी. फुंकर नका मारू." दाराशी जाऊन वळले. "झाडान न तुमी?" मी हो म्हटलं. आणि मी झाडते. दोघी अजून चालतात, पूर्वीइतक्याच पटकन, आणि ज्याचा जसा निरोप तसंच धरतात. शेठना यातलं काही माहीत नाही. आणि साईट उघडत नाही असा फोन आला की 'बंद असन' हे शब्द आधी माझ्याच तोंडावर येतात. मग जीभ चावून मी म्हणते, थांबा भाऊ, पाहून सांगते.

बोपचेजींना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या दिवाळीला, कामठ्यातच. पायलनं एक वर्ष घरी काढलं, धानाच्या रोवणीला बायांसोबत मजुरीला गेली, आणि पुढच्या वेळी फॉर्म भरला. कॉलेज लागलं, पण सरकारी नाही लागलं. फी जास्त, आणि गाव दूर. दिवाळीला ती घरी आली होती. मी भावाच्या घरून निघाले होते, आणि तिच्या घरासमोर मला ती ओळखीची सायकल दिसली. बोपचेजी फाटकाच्या बाहेर उभे होते. आत खाट टाकलेली होती, पण ते आत गेले नव्हते. सेंटरवाला म्हणतो, ते येतात तेव्हा बाहेरच उभे राहतात. बाप आत बोलावतो, ते जात नाहीत.

पायल अंगणात कपडे वाळत घालत होती.

"पायल," त्यांनी हाक मारली. "कालेज थेच हाये न?"

"हव जी. थेच हाये."

"होस्टेल?"

"थेबी थेच."

"बरं."

ती या म्हणाली नाही. बसा म्हणाली नाही. चहाचं विचारलं नाही. बादलीतलं पुढचं कापड काढून तिनं पिळलं आणि तारेवर टाकलं. त्यांनीही कशाची वाट पाहिली नाही. सायकल वळवली, तेव्हा मी समोरच होते.

"वंदनाबाई," ते म्हणाले, "कशा हायेत? त्याच ऑफिसात न?"

"त्याच जी."

"मुलगी?"

"बरी हाये. सातवीत गेली."

त्यांनी मान हलवली, जसं काही हे पहिल्यांदाच ऐकत आहेत. मला म्हणायचं होतं, बोपचेजी, पुरे आता, किती दिवस येता इथं. पण अंगणातून ती बघत होती, आणि पुरे म्हणायचा हक्क मला नव्हता. मी म्हटलं, "या कधी ऑफिसकडे. चहा पिऊ."

"येतो," ते म्हणाले. मग पायडलवर पाय ठेवून थांबले. "साखर घेता न अजून?"

"घेते जी," मी म्हटलं.